तोंडाने श्वास घेण्याची सवय आणि दमा: तातडीने मदत हवी आहे

कळंबेकर: माझ्या थोरल्या बंधूंना तोंडाने श्वास घेण्याची सवय आहे. दिवाळीपासून पहाटे तीनच्या सुमारास त्यांना खोकल्याची उबळ येते, छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि उठून बसल्याखेरीज धाप कमी होत नाही. डॉक्टरांनी पंप दिला आहे. परंतु एका शिबिरात असे सांगण्यात आले की, रात्री ओठांवर चिकटपट्टी लावून नाकाने श्वास घेतला की दमा मुळापासून जातो. पट्टी कोणती घ्यावी आणि किती दिवस लावावी, एवढेच कृपया आज सांगावे.

रंकाळाफेरी: बंधूंचे वय काय, ते काम काय करतात आणि मुख्य म्हणजे त्यांचे नाक मोकळे आहे का? स्टीलची थंड ताटली नाकपुड्यांखाली आडवी धरा आणि वाफेचे ठसे दोन्ही बाजूंना सारखे उमटतात का, ते पाहा.

कळंबेकर: वय ५२. मी सवयीविषयी विचारले आहे, कामाचा येथे काय संबंध?

श्वाससाधक: शिबिरातील सल्ला योग्यच आहे. सोव्हिएत डॉक्टर ब्युटेको यांनी १९५२ पासून हेच सांगितले. नाक हवा गाळते, ऊबदार आणि दमट करते. तोंडाने घेतलेली कोरडी हवा श्वासनलिका आकसवते. मी दोन वर्षे संथ श्वसनाचा सराव करतो आहे आणि माझा पंप जवळजवळ सुटला आहे.

शाहूपुरीकर: साधकदादा, अर्धेच सांगू नका. याच पद्धतीची ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांना आराम देणारा पंप कमी लागला हे खरे, पण फुप्फुसांच्या क्षमतेत फरक आढळला नाही. लक्षणे सुसह्य होणे आणि श्वासनलिकेची सूज जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

श्वाससाधक: मी पंप सोडा असे म्हटलेले नाही.

आईसाहेब: लहान मुले तोंड उघडे ठेवून झोपत असतील, तर नाकामागील ॲडिनॉइड नावाच्या ग्रंथी वाढल्या आहेत का, ते अवश्य तपासून घ्यावे. माझ्या नातवाचे घोरणे त्यामुळेच होते.

कळंबेकर: ताई, प्रश्न मुलांचा नाही. ताटली धरून पाहिली. डाव्या बाजूला ठसा जवळजवळ उमटतच नाही. तरुणपणी तालमीत त्यांच्या नाकावर जोराचा मार बसला होता. आणि काम विचारलेत म्हणून सांगतो, बावीस हंगाम ते गुऱ्हाळावर चुलवणात, म्हणजे रस आटवण्याच्या भट्टीत, उसाची चिपाडे टाकतात.

रंकाळाफेरी: हेच आधी हवे होते! गुऱ्हाळे दिवाळीच्या आसपास पेटतात, धूर सुरू होतो आणि त्रासही दिवाळीपासूनच आहे. एक नाकपुडी बंद असताना तोंडाने श्वास घेणे ही सवय नसून नाइलाज आहे. अशा माणसाच्या ओठांवर पट्टी लावणे धोक्याचे ठरेल. पंप रोज घेतात का?

कळंबेकर: धाप लागली तरच. सवय लागेल, अशी त्यांना भीती वाटते.

शाहूपुरीकर: पंपाचे व्यसन लागत नाही. सूज कमी करणारा पंप रोज घ्यायचा असतो आणि नंतर चूळ भरायची असते. आराम देणारा पंप निराळा. तुमच्याकडे कोणता आहे, ते डॉक्टरांना दाखवून विचारा. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी, करून घ्या, नाक-कान-घसा तज्ज्ञांना नाक दाखवा आणि चुलवणासमोरील काम सांगायला विसरू नका.

कळंबेकर: पट्टी आणणार नाही. उद्या सकाळी पंप घेऊन त्यांच्यासोबत मीच जातो.