प्रति: पुलपिटवर टॅबलेट कशाला?
वर कोणीतरी म्हटलंय की पुलपिटवर (चर्चमधे पाळक जिथून प्रवचन देतात ते व्यासपीठ) टॅबलेट म्हणजे फक्त संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, नोट्स वाचायला, कागद काय वाईट होता. कागद वाईट नाहीच, पण माझ्या मते टॅबलेटचा खरा उपयोग पुलपिटवर नाही, घरभेटी आणि हॉस्पिटल व्हिजिटला आहे. वयस्कर माणसाला छापील बायबलची अक्षरं दिसत नाहीत, तिथे स्तोत्र २३ उघडायचं, फॉन्ट मोठा करायचा आणि टॅबलेट त्यांच्याच हातात द्यायचा, म्हणजे पाळकांनी वाचून दाखवायच्या ऐवजी ते स्वतः वाचतात, फरक पडतो हो. यूव्हर्जन या बायबल अ‍ॅपमधे बरीच भाषांतरं ऑफलाइन डाउनलोड होतात, आधीच करून ठेवा, वॉर्डात नेटचा भरवसा नसतो.

पुलपिटवर वापरायचाच असेल तर नोट्स पीडीएफ करून ठेवा, एडिट मोडमधे बोट लागून अख्खा परिच्छेद उडू शकतो. एअरप्लेन मोड ऑन, ऑटो लॉक बंद (हे सगळे विसरतात, नेमकी प्रार्थना चालू असताना स्क्रीन काळी). आयपॅडला गाइडेड अ‍ॅक्सेस आहे, अँड्रॉइडला अ‍ॅप पिनिंग, त्याने दुसरं अ‍ॅप चुकून उघडत नाही. गायनमंडळवाल्यांनी ब्लूटूथ पेडल बघा, पान पायाने उलटतं. आणि हो, प्रिंट एक जवळ असू द्याच.