नालेसफाईने पाणी तुंबणं थांबेल?

‘नालेसफाई वेळेत झाली तर बाजारपेठेत पाणी येणार नाही’ असं म्हटलं जातं. अर्धंच खरं. आधी आकडे बघा. तासाला ५० मिमी पाऊस (कोकणात यात नवल नाही), १ हेक्टर जागा. झाडोरा असताना प्रवाह गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) ०.३ धरला तर सेकंदाला साधारण ४२ लिटर पाणी वाहतं; छपरं, काँक्रीट, पेव्हर झाले की गुणांक ०.८५ आणि पाणी ११८ लिटर. १:५०० उताराचा ३०० मिमी पाइप जेमतेम ४३ लिटर नेतो. तो घासूनपुसून लख्ख ठेवलात तरी ११८ कसे मावणार? तिथे ४५० मिमीचाच हवा.

त्यात खाचरांवर भराव. १० गुंठ्यांत १५ सेंमी पाणी उभं राहिलं की दीड लाख लिटर थोपून राहतं. भराव पडला की तेच पाणी शेजाऱ्याच्या पडवीत.

शोषखड्ड्यांवर फार भिस्त नको. जुलैअखेर विहिरी काठोकाठ असतात, खड्डा आधीच भरलेला. त्यापेक्षा तळाशी लहान तोंडाची, पाणी हळूहळू सोडणारी साठवण टाकी बरी, पण ते तोंड पाल्याने बुजतं, म्हणून आधी जाळी लावा. खाडीकडच्या मोरीला एकमार्गी झडप हवीच, नाहीतर उधाणात पाणी उलटं आत शिरतं. अर्थात भरती असेपर्यंत झडप बंदच, तेवढ्या वेळेपुरती साठवण लागतेच.