अटींत ‘सिंगापूरचं कोर्ट’ लिहिलं की आपण गप्प बसायचं?

कलमकसाई: कालच्या पोस्टीत म्हटलंय, परदेशी कंपनीच्या अटींत ‘फक्त सिंगापूरचं कोर्ट’ असेल तर आपल्या ग्राहक आयोगाने नाक खुपसू नये, परक्या न्यायव्यवस्थेचा मान राखावा. अहो, मान न्यायालयाचा राखायचा की कंपनीच्या वकिलाने एकतर्फी टाइप केलेल्या अटीचा? 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 34 उघडा: तक्रारदार राहतो किंवा नोकरीधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर माल विकणाऱ्या परदेशी कंपनीला 2020चे ई-कॉमर्स नियमही लागू आहेत. वाद कोर्टाऐवजी खासगी लवादाकडेच न्यायचा, या अटीचा अडसर सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये एमार एमजीएफ या बिल्डरच्या प्रकरणात काढला.

वसुलीबहाद्दर: एमारचा वाद देशी लवादाचा, लवाद कायद्याच्या कलम 8चा. परदेशी लवादाला कलम 45 लागतं, ते सोयीस्कर विसरलात. असो. कंपनी फिरकलीच नाही तर एकतर्फी आदेश हातात येईल, पुढे काय? तो परदेशात वसूल करायचा तर, उदाहरणार्थ, इंग्लिश कायद्यात तो चालायला कंपनी भारतात हजर हवी किंवा तिने इथलं अधिकारक्षेत्र स्वतः मान्य केलेलं हवं. तक्रारदार नाशिकचा आहे, एवढ्यावर इंग्लंडचा न्यायाधीश ढुंकूनही बघणार नाही. आपणही तेच करतो. अमेरिकन डिक्रीला, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाला, दिवाणी प्रक्रिया संहितेचं 44अ (ठरावीक देशांच्या डिक्रीची इथे थेट वसुली) लागत नाही, नवा दावा लावावा लागतो. गुणदोष न तपासलेली एकतर्फी डिक्री तर आपण त्याच संहितेच्या कलम 13खाली फेकून देतो.

विमानवेडा: विमान कंपनी असेल तर 34 बाजूला ठेवा, आंतरराष्ट्रीय हवाई प्रवासाच्या माँट्रियल कराराचं कलम 33 आधी; दावा कुठे लावायचा ते त्यात आहे. कंपनीचं नोंदणीस्थान, मुख्य कार्यालय, तिकीट दिलेलं कार्यालय किंवा गंतव्य, एवढेच पर्याय. मुंबई-लंडन-मुंबई तिकिटाचं गंतव्य मुंबईच, ते मुलाने लंडनहून काढलेलं असलं तरी. एकेरी असेल तर लंडन. प्रवाशाचं राहतं ठिकाण चालतं ते फक्त मृत्यू-दुखापतीत. बॅग फाटली तर 7 दिवसांत लेखी तक्रार, उशिरा आली तर ताब्यात आल्यापासून 21. दावा 2 वर्षांत.

कलमकसाई: धागा बॅगांचा नाही! पण विमानंच काढलीत तर 2011चा इथिओपियन एअरलाइन्सचा निकाल घ्या. परदेशी सरकारच्या कंपनीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 86ची ढाल (केंद्राच्या संमतीशिवाय परदेशी सरकारवर दावा नाही) पुढे केली, ती चालली नाही. त्याच वर्षी ट्रान्स मेडिटेरेनियन प्रकरणात माँट्रियलच्या आधीच्या वॉर्सा करारातल्या ‘न्यायालया’त ग्राहक आयोगही धरला गेला.

वसुलीबहाद्दर: विमानं इथे उतरतात, म्हणून कंपन्या मुकाट पैसे देतात. सिंगापूरच्या ॲपचं इथे जप्त काय करणार, लोगो? भारतीय शाखा, आयातदार किंवा पैसे घेणारा मध्यस्थ असेल तर तक्रारीतच त्याला विरुद्ध पक्ष करा. कुणीच नसेल तर आधी कार्डवाल्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे परत, मागा; त्याची मुदत काही महिन्यांतच संपते.

कलमकसाई: म्हणजे 34 लागतं, एवढं तरी कबूल!

वसुलीबहाद्दर: लागतं हो. आदेश फ्रेम करून लावा.

विमानवेडा: बॅग सापडलीच नाही तर 21 दिवसांनंतर ती हरवली असं धरून दावा करता येतो, हे राहिलं.