घरच्या संगणकासाठी कोणता अँटीव्हायरस घ्यावा? (मदत हवी आहे)

कोरी वही

नमस्कार मंडळी. घरी एकच लॅपटॉप आहे आणि तो सगळ्यांच्या हातात असतो. सासरे त्यावर बँकेचे व्यवहार आणि मेल बघतात, लेक गेम खेळते आणि त्यांचे कसले कसले मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइली) उतरवते, माझे सगळे फोटो त्यातच आहेत. विंडोज १०, ८ जीबी रॅम, आत जुनी फिरती हार्ड डिस्क.

आधीच्या अँटीव्हायरसचं लायसन्स संपलं. ते काढलेलं नाही, तसंच पडून आहे. तेवढ्यात लेकीने एक फुकटातला अँटीव्हायरस टाकला. आता मशीन चालू झाल्यावर बराच वेळ नुसतं घरघरत बसतं. शिवाय उजव्या कोपऱ्यात खाली सारखी चौकट उगवते: 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले', 'संरक्षण संपले, आत्ताच नूतनीकरण करा'. सासरे घाबरून मला हाका मारतात. दोन्ही अँटीव्हायरसने स्कॅन केलं, काहीच सापडत नाही. तरी चौकट येतेच.

विकतचा घ्यावा की फुकटचा पुरेल? घ्यायचा तर कोणता? जाणकारांनी मार्गदर्शन करावं, आगाऊ धन्यवाद.

जुनी फ्लॉपी

खरेदीचं नंतर बघू. आधी त्या चौकटीकडे नीट बघा. मजकुराखाली किंवा वर बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता दिसतो का? दिसत असेल तर ती चेतावणी कुठल्याच अँटीव्हायरसची नाही आणि विंडोजचीही नाही. चौकटीतल्या बटणावर क्लिक करू नका. फोन नंबर दिला असेल तर सासऱ्यांना आजच सांगून ठेवा की त्यावर फोन करायचा नाही.

कोरी वही

अगदी बरोबर! खाली क्रोम लिहिलंय आणि पुढे काहीतरी अगम्य पत्ता. म्हणजे व्हायरस आहे की नाही?

जुनी फ्लॉपी

बहुधा नाही. एखाद्या साइटने 'सूचना दाखवू का?' असं विचारलं आणि कुणीतरी 'अलाऊ' दाबलं. हल्ली अशा साइट 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा' असं सांगतात, त्यामुळे शहाणी माणसंही दाबतात. मग ती साइट बंद असली तरी ब्राउझर तिच्या वतीने चौकटी दाखवत राहतो. ती फाइल नाही, प्रोग्रॅम नाही, नुसती परवानगी आहे. म्हणून स्कॅनमध्ये काही सापडत नाही आणि कितीही महागडा अँटीव्हायरस आणलात तरी सापडणार नाही.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी असलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती प्रत्येक काढून टाका. तिथेच कोणत्याही साइटला सूचना पाठवू न देण्याचा पर्याय आहे, सासऱ्यांच्या मशीनवर मी तर तोच ठेवला असता. घरच्या वापरात त्यावाचून काही अडत नाही.

निळा पडदा

फ्लॉपीशी सहमत. आता घरघरीबद्दल.

अँटीव्हायरस हा साध्या प्रोग्रॅमसारखा वरवर बसत नाही. कुठलीही फाइल उघडली, लिहिली, चालवली की ती विनंती मध्येच अडवून तो आधी तपासतो. त्यासाठी त्याचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात असतो. असे दोन असले की एकच फाइल दोघे तपासतात. कधी एक उघडायला गेला म्हणून दुसरा ती परत तपासायला घेतो. त्यात तुमची हार्ड डिस्क फिरती. टास्क मॅनेजर उघडा आणि सुरुवातीच्या काही मिनिटांत डिस्कचा आकडा बघा, १०० टक्क्यांना चिकटलेला असेल. रॅम ८ जीबी आहे, ती इथे गुन्हेगार नाही. खर्च करायचाच असेल तर अँटीव्हायरसऐवजी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, फरक डोळ्यांना दिसेल.

हा गाभ्यातला मुक्काम किती नाजूक असतो ते १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. ती कंपन्यांसाठीची प्रणाली होती, घरची नव्हे, पण तत्त्व तेच. जितके पाहुणे गाभ्यात कमी तितकं बरं.

तेव्हा दोन्ही काढा. नुसतं अनइन्स्टॉल केल्यावर तुकडे मागे राहू शकतात. बहुतेक कंपन्या आपापलं उत्पादन साफ काढण्यासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम देतात, तो कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. मशीन रीस्टार्ट केलं की विंडोजमधला डिफेंडर आपोआप जागा होईल. दुसरा अँटीव्हायरस असला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, म्हणून तुम्हाला तो आजवर दिसला नसेल. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो विंडोजबरोबरच येतो. विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये सध्या कोण पहाऱ्यावर आहे ते बघून घ्या.

दुसरी बाजू

इथे प्रत्येक धाग्यावर 'डिफेंडर पुरे' एवढं म्हणून लोक मोकळे होतात, म्हणून थोडा विरोधी सूर.

डिफेंडर आता चांगला आहे, वाद नाही. सुरुवातीच्या काळात तो स्वतंत्र चाचण्यांत तळाशी असायचा, ते दिवस गेले. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज या दोन संस्था नियमित चाचण्या घेतात, निकाल फुकट वाचता येतात. पण तिथे नुसती पकडण्याची टक्केवारी बघू नका, वरचे सगळे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावूनच असतात. दोन रकाने बघा: निरुपद्रवी फाइलला उगाच चोर ठरवण्याचं प्रमाण आणि मशीनवर पडणारा भार. कोरीताईंच्या लॅपटॉपला दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. आणखी एक, डिफेंडरची बरीच ताकद क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे. मशीन बरेचदा इंटरनेटशिवाय चालत असेल आणि पेनड्राइव्हवरून फाइली येत असतील तर त्याची पकड सैल पडते. अशांनी बिटडिफेंडर, ईसेट किंवा क्विक हीलसारख्या विकतच्या उत्पादनाचा विचार जरूर करावा.

मात्र 'सिक्युरिटी सूट' म्हणजे एकत्र गठ्ठ्याच्या नावाखाली व्हीपीएन, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) क्लीनर, पीसी बूस्टर असं जे गळ्यात मारतात त्याचे पैसे देऊ नका. रजिस्ट्री साफ केल्याने मशीन वेगवान होतं ही अफवा काही केल्या मरत नाही.

तळटीप

फुकटातल्यांबद्दल एक. ब्राउझरमध्ये त्यांची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) टाकायला सांगतात, ती टाकण्याआधी ती काय काय वाचू शकतात ते बघा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. वापरकर्त्यांनी कुठल्या साइट पाहिल्या याची माहिती जम्पशॉट या त्यांच्याच उपकंपनीमार्फत विकली जात होती, हा आरोप होता. ती उपकंपनी २०२० मध्येच बंद केली गेली. सगळे फुकटवाले असेच असतात असं नाही, पण बँकेचे व्यवहार होणाऱ्या मशीनवर मी तरी जास्तीची एक्स्टेन्शन्स ठेवणार नाही.

जुनी फ्लॉपी

अरे, सगळे अँटीव्हायरसवर भांडताय आणि मुख्य भोक कुणीच दाखवलं नाही! विंडोज १०. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

इथे एक फसगत होते. विंडोज १० वरच्या डिफेंडरला नव्या व्हायरसच्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. त्यामुळे डिफेंडर हिरवी खूण दाखवत राहतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण याद्या वेगळ्या आणि विंडोजमधली भोकं बुजवणं वेगळं. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस आठवा. ज्या भोकातून तो घुसला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, हल्ला झाला १२ मे रोजी. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले, आणि कुणी काही उघडण्याची गरज नव्हती, एका मशीनवरून दुसऱ्यावर तो आपला आपण पसरत होता.

तेव्हा आधी लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र आहे का ते बघा, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये कळतं. पात्र नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, ईएसयू म्हणतात, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तेवढ्या अवधीत पुढचं ठरवा.

रात्रपाळी

लेकीच्या मॉडबद्दल कुणी बोललं नाही. मी याच कामात आहे, घरातली मशीन बहुतेक याच दारातून जातात. मॉड, चीट, क्रॅक यांच्या पानावर 'चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा, तो उगाच अडवतो' असं लिहिलेलं असतं. ते वाक्य दिसलं की पान बंद करायचं, एवढा एकच नियम तिला शिकवा.

यातून हल्ली जे येतं ते फाइली बिघडवत नाही, पडद्यावर काही दाखवतही नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी (तुम्ही लॉगिन केलंय याची ब्राउझरमधली खूण) उचलतं आणि निघून जातं. कुकी गेली की पासवर्ड आणि ओटीपी न देताही तुमच्या उघड्या खात्यात शिरता येतं. नंतर स्कॅन स्वच्छ येतो, कारण चोर थांबलेलाच नसतो.

तिला विंडोजमध्ये वेगळं स्टँडर्ड खातं काढून द्या, प्रशासकाचे अधिकार नको. याने ती काही चुकीचं चालवणारच नाही असं नव्हे, पण चाललंच तर तिच्या खात्यातलं जाईल, आजोबांच्या खात्यातले पासवर्ड त्याला सहजी वाचता येणार नाहीत. शंका आलेली फाइल व्हायरसटोटलवर टाकून बघता येते, तिथे ती एकाच वेळी कित्येक अँटीव्हायरसकडून तपासली जाते. पण घरची कागदपत्रं, बँकेची स्टेटमेंट तिथे चढवू नका. चढवलेल्या फाइली सुरक्षा कंपन्यांना आणि वर्गणीदारांना उपलब्ध होतात.

सासऱ्यांचा धोका वेगळाच आहे. त्यांना फोन येईल, 'बँकेतून बोलतोय, हे अ‍ॅप टाका आणि पडद्यावरचा आकडा सांगा.' ते अ‍ॅप दुरून मशीनचा ताबा घेणारं असतं आणि ते अस्सल, सहीशिक्क्याचं सॉफ्टवेअर असतं. ऑफिसात आम्ही रोज वापरतो. अँटीव्हायरसने ते का अडवावं? त्याच्या लेखी मालकाने स्वतःहून टाकलेला चांगला प्रोग्रॅम आहे तो.

दुसरी बाजू

रात्रपाळी यांना +१. माझा विकतचा आग्रह निम्म्याने कमी झाला. :)

तळटीप

फोटोंचं विसरू नका. बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या आणि प्रत झाली की डिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क वॉनाक्रायसारख्या रॅन्समवेअरच्या दृष्टीने फक्त आणखी एक ड्राइव्ह असते, तीही कुलूपबंद होते. शिवाय डिफेंडरमध्ये कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस नावाची सोय आहे, मुळात ती बंद असते. चालू केली की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरमध्ये लिहिता येत नाही.

अवांतर: अँटीव्हायरस खरंच जागा आहे का हे बघायची गंमत म्हणजे आयकार चाचणी फाइल. अवघ्या ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी, पण सगळ्या प्रमुख अँटीव्हायरसनी तिला पाहून ओरडायचं असं आपसात ठरलेलं आहे. उतरवताच डिफेंडर झडप घालतो.

कोरी वही

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रोममधल्या यादीत कितीतरी चमत्कारिक साइट निघाल्या, सगळ्या उडवल्या, चौकट गेली. दोन्ही अँटीव्हायरस काढले, डिफेंडर चालू झालाय. लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र नाही, म्हणून ईएसयूला नाव नोंदवलं. एसएसडी पुढच्या महिन्यात. लेकीला वेगळं खातं दिलं, त्यावरून घरात थोडं महाभारत झालं पण निभावलं. सासऱ्यांनी मात्र फोनवाल्याची गोष्ट आधीच ऐकलेली होती, उलट मलाच चार किस्से सांगितले.

एक नवीनच अडचण: तळटीप यांनी सांगितलेली फोल्डरची सोय चालू केल्यापासून माझं फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फोटो सेव्हच करत नाही. 'फाइल सापडत नाही' म्हणतं. सोय बंद करू का?

तळटीप

बंद नको. ती सोय तुमच्या सॉफ्टवेअरला ओळखत नाही, म्हणून लिहू देत नाही, आणि बिचारं सॉफ्टवेअर भलताच संदेश दाखवतं. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनच्या पानावर अ‍ॅपला परवानगी देण्याचा दुवा आहे. तिथे नवीन अ‍ॅप जोडताना 'नुकतेच अडवलेले' अशा अर्थाचा पर्याय दिसेल, त्यात तुमचं सॉफ्टवेअर असेलच. तेवढं एक निवडा. यादीत दुसरंही काही दिसलं तर त्याला परवानगी देण्याआधी नाव इथे टाका, बघून सांगतो.

आणि पुढे कधी दुसरा अँटीव्हायरस घेतलात तर लक्षात ठेवा, ही सोय डिफेंडर पहाऱ्यावर असतानाच चालते. तो बाजूला झाला की हीही बंद पडते, तेव्हा नव्या उत्पादनात तशी सोय आहे का ते आधी बघा.