‘स्वामित्वहक्क’ की ‘प्रताधिकार’? आणि पायरसी म्हणजे चोरी का?

प्रश्न : कॉपीराइट आणि आर्थिक स्वातंत्र्य यांवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. ‘स्वामित्वहक्क’ लिहू की ‘प्रताधिकार’? पायरसीला ‘वाङ्मयचौर्य’ चालेल का?

उत्तर : वाङ्मयचौर्य अजिबात नको. दुसऱ्याचं लेखन आपल्या नावावर खपवणं म्हणजे वाङ्मयचौर्य. पायरसी करणारा लेखकाचं नाव तसंच ठेवतो, त्या नावावरच तर त्याचा माल खपतो. सर्वसाधारण लेखात ‘पायरसी’च राहू द्या, कायद्याचा संदर्भ असेल तिथे ‘प्रताधिकारभंग’.

आता मुख्य मुद्दा. ‘स्वामित्व’ म्हटलं की घर, जमीन डोळ्यांपुढे येते, आणि त्या मालकीला मुदत नसते. कॉपीराइटला ती पहिल्यापासून आहे. ब्रिटनच्या 1710 च्या कायद्याने नव्या पुस्तकांना 14 वर्षं दिली, तोवर लेखक हयात असेल तर आणखी 14. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांना हा हक्क कायमचा हवा होता. 1774 मध्ये ‘डोनाल्डसन विरुद्ध बेकेट’ खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा ब्रिटनमधलं शेवटचं अपील तिथेच होई) तो नाकारला. प्रती काढण्याचा, ठरावीक काळापुरता अधिकार: ‘प्रताधिकार’ नेमकं हेच सांगतो.

दुसरं मत : पटत नाही. लेखकाने वर्षानुवर्षं घाम गाळायचा आणि फळ मात्र मुदतीचं? फुकट उतरवून घेणाऱ्याला चोर म्हणायला का कचरायचं?

उत्तर : लेखकाचा तोटा खरा आहे, तो मी हलका मानत नाही. पण वस्तू चोरली की ती मालकाकडे उरत नाही, नक्कल केल्यावर मूळ प्रत जागेवरच असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये ‘डाउलिंग’ खटल्यात हाच भेद केला: विनापरवाना रेकॉर्ड हा कॉपीराइटचा भंग, पण चोरीच्या मालाच्या वाहतुकीचा कायदा त्यांना लागू नाही. गुन्हा आहेच, फक्त वेगळ्या जातीचा.

शिवाय मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्तेही इथे एकमताचे नाहीत. कादंबरीकार आणि विचारवंत आयन रँड कॉपीराइटला संपत्तीचा हक्क मानत. अर्थतज्ज्ञ फ्रिडरिश हायेक यांना मात्र तो जमिनीच्या मालकीसारखा वाटत नव्हता. प्रती सहज काढता येत असताना कायद्याने मुद्दाम निर्माण केलेल्या त्यांच्या टंचाईबद्दल ते साशंक होते. ‘स्वामित्वहक्क’ लिहिलं, की हा वाद सुरू होण्याआधीच रँड यांच्या बाजूने निकाल लागतो. म्हणून लेखात सर्वत्र ‘प्रताधिकार’ ठेवा, आणि रँड यांची बाजू मांडताना तेवढं ‘बौद्धिक संपत्ती’ लिहा, कारण तिथे तो त्यांचा दावाच आहे.