मदत हवी आहे: टेक्सासमध्ये काकांचं मराठीत हातानं लिहिलेलं मृत्युपत्र, प्रोबेट (कोर्टाकडून मृत्युपत्र मान्य करून घेणं) कसं करायचं?

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसता वाचत असतो, आज अडचण घेऊन आलोय. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

माझे धाकटे काका नोव्हेंबरात गेले. लबकपासून गाडीनं दीड तासावर एक छोटं गाव आहे, चहूकडे कापसाची शेतं, तिथे ते ४० वर्षं राहिले. मूळचे अकोल्याचे, त्यामुळे त्यांना ते गाव कधी परकं वाटलंच नाही. काकू २०१५ मध्येच गेली, मूलबाळ नाही. मी न्यू जर्सीत असतो, अमेरिकेत त्यांचं जवळचं असं मी एकटाच. (अकोल्याच्या शेतीवरचा हक्क त्यांनी केव्हाच रीतसर सोडलाय, सातबाऱ्यावर नाव नाही, त्यामुळे तो विषय बाजूला ठेवू.)

आता मुद्दा. त्यांच्या कपाटात वहीचं एक पान सापडलं. निळ्या शाईत, सगळं त्यांच्याच हातचं, मराठीत. खाली सही, तीही मराठीतच, आणि तारखेच्या जागी "अक्षय्य तृतीया २०१९" एवढंच. साक्षीदार नाहीत, नोटरी नाही. मजकूर आहे तसा देतो:

"माझ्यामागं राहतं घर ताईला द्यावं. बँकेत जे असेल त्यातून गावच्या लायब्ररीला दहा हजार डॉलर द्यावे, बाकीचं भाच्यांना सारखं वाटावं. अण्णाच्या पोरानं सगळं मार्गी लावावं."

अण्णा म्हणजे माझे वडील आणि मी त्यांना एकटाच, त्यामुळे शेवटच्या ओळीत शंका नाही. पण बाकीच्यात आहे. काउंटी (इथला जिल्हा) क्लर्कच्या ऑफिसात फोन केला तर बाई खूप प्रेमानं बोलल्या, काकांना ओळखत होत्या, पण कायद्याचा सल्ला आम्हाला देता येत नाही म्हणाल्या. बँक म्हणते लेटर्स टेस्टामेंटरी (मृत्युपत्राप्रमाणे कारभार बघायचा कोर्टाचा अधिकारपत्र) आणा. ओळखीतल्या एकानं तर सांगून टाकलं की इंग्रजीत नाही आणि साक्षीदार नाहीत म्हणजे तो कागद रद्दी आहे. मला रात्रभर झोप नाही लागली. चार ओळीत माणसानं सगळ्यांची आठवण ठेवलीय हो, ते असंच वाया जाऊ द्यायचं का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

निंबोणी (ऑस्टिन)

आधी शांत व्हा, तो कागद रद्दी नाही. टेक्सासमध्ये संपूर्ण स्वतःच्या हातानं लिहिलेलं आणि सही केलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय चालतं, तारीखसुद्धा सक्तीची नाही. मी इथे प्रोबेटच्या वकिलाकडे पॅरालीगल म्हणून काम करते. हा वकिली सल्ला नाही, रोज जे बघते ते सांगतेय.

पहिलं म्हणजे त्या मूळ पानाला हात लावू नका. पंच करू नका, स्टेपल मारू नका, पेनानं खुणा तर अजिबात नको. मूळ प्रतच कोर्टात द्यावी लागते, वकिलानं अर्ज ई-फाइल केला की ३ कामकाजाच्या दिवसांत ती क्लर्ककडे पोचायला हवी. मुदत मृत्यूपासून ४ वर्षांची आहे त्यामुळे ती चिंता नाही, पण म्हणून थांबूही नका.

दुसरं, अक्षर सिद्ध करावं लागेल. काकांचं हस्ताक्षर ओळखणारे दोन साक्षीदार लागतात, ते काउंटीत राहत नसतील तर त्यांची साक्ष डिपॉझिशननं (कोर्टाबाहेर शपथेवर नोंदवून) घेता येते. शक्यतो ज्यांना काही मिळणार नाही असे दोघं बघा. तुम्हाला मृत्युपत्रात काही आहे का?

धागाकर्ता

नाही, मला काहीच नाही, आणि ते बरोबरच आहे. मी पुतण्या, काकांनी "भाच्यांना" लिहिलंय, म्हणजे दोन्ही आत्यांची मुलं, एकूण ५ जण. पण इंग्रजीत नेफ्यू म्हटलं की मीही त्यात येतो ना! आणि दुसरा घोळ ताईचा. माझ्या थोरल्या आत्याला सगळे ताई म्हणतात, ती अकोल्यात असते. पण काकूची मोठी बहीण नागपूरला आहे, काकू तिला ताई म्हणायची म्हणून काकाही बोलताना ताईच म्हणायचे. दोघी ऐंशीच्या पुढच्या, दोघी म्हणतात तिलाच दे. भांडण नाहीये, पण कोर्टाला काय सांगू?

अकोलेकर_डॅलस

तुमच्या काकांना मी एकदाच भेटलोय पण माणूस फार दिलदार. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ते हातानं लिहून लेख पाठवायचे, टाइप करायला कधी तयार झाले नाहीत. तेव्हा जे अंकाचं काम बघायचे त्यांच्याकडे ती बाडं अजून असणार, त्यांचा नंबर तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. साक्षीदार एक मिळाला समजा.

निंबोणी (ऑस्टिन)

हे फार छान झालं. तुम्ही स्वतः आणि ते गृहस्थ असे दोघं होऊ शकता, वकिलाला विचारून घ्या.

भाषांतराचं मात्र मनावर घ्या. ते नातेवाइकानं करायचं नाही, पात्र भाषांतरकाराकडून करून त्याचं शपथपत्र जोडायचं. आणि "भाचा" आणि "ताई" हे शब्द इंग्रजीत गुळगुळीत करू देऊ नका. शब्द तसाच ठेवून शेजारी अर्थ द्यायला सांगा: भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा, भावाचा नव्हे. पण मेहुणीच्या मुलांनाही आपण भाचेच म्हणतो हेही त्याला लिहावं लागेल, त्यामुळे नागपूरला मुलं असतील तर ते वकिलाला आधीच सांगा.

"मार्गी लावावं" याचा अर्थ एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा) नेमलाय असं कोर्ट मानेल की नाही हे जजवर आहे. नाही मानलं तरी सगळ्या वाटेकऱ्यांनी मिळून लिहून दिलं तर तुम्हाला इंडिपेंडंट ॲडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेचा स्वतंत्र कारभार) मिळू शकतं, बॉन्ड (कोर्टाला द्यायची हमी) माफ करायचा अर्जही करता येतो. इंडिपेंडंट मिळालं की प्रत्येक गोष्टीला कोर्टाची परवानगी लागत नाही. तुम्ही टेक्सासबाहेर राहता म्हणून इथला एक रेसिडेंट एजंट (तुमच्या वतीनं कोर्टाचे कागद घेणारा) नेमावा लागेल, बहुतेक वेळा वकीलच होतो. आणि वकील कराच, कारण एक्झिक्युटर दुसऱ्यांच्या वतीनं उभा असतो म्हणून बहुतेक जज वकिलाशिवाय ऐकूनच घेत नाहीत. छोट्या काउंटीत प्रोबेट काउंटी जजसमोर चालतं आणि ते स्वतः वकील असतीलच असं नाही, म्हणून त्याच भागात काम करणारा बघा, ह्यूस्टनचा महागडा नको.

कपाशी

मधेच बोलते, कारण आमच्याकडे हेच राहिलं होतं. काकूंच्या नावाचं काही केलं होतं का? टेक्सासमध्ये लग्नानंतर घेतलेलं घर दोघांचं धरतात. काकूंचं मृत्युपत्र नसेल आणि मूल नसेल तर त्यांचा अर्धा हिस्सा काकांकडेच येतो, पण रेकॉर्डवर दिसायला हवं ना. आम्ही ॲफिडेव्हिट ऑफ एअरशिप (वारस कोण याचं शपथपत्र) करून काउंटी क्लर्ककडे नोंदवलं, त्यालाही कुटुंबाला ओळखणारे, ज्यांचा काही संबंध नाही असे दोघं जण लागले. गावातल्या फार्मसीवाल्यानं सही दिली, ३० वर्षांची ओळख होती.

आणि घर रिकामं आहे का? इन्शुरन्सवाल्यांना आजच कळवा, बऱ्याच पॉलिसीत घर महिना-दोन महिने रिकामं राहिलं की कव्हर कमी होतं. तिकडे थंडीत पाइप फुटतात, पाण्याचा मेन कॉक बंद करायला शेजाऱ्यांना सांगा. प्रॉपर्टी टॅक्स ३१ जानेवारीच्या आत भरायचा, माणूस गेला म्हणून तो थांबत नाही.

धागाकर्ता

काकूच्या हिश्शाचं डोक्यातच नव्हतं, खूप आभार. शेजारच्या रँचवाल्या आजोबांना फोन केला, ते लगेच जाऊन पाणी बंद करून आले आणि सही द्यायलाही तयार आहेत.

निंबोणी (ऑस्टिन)

ताईबद्दल एक सुचलं. काका पत्रं लिहायचे ना? पत्रात कोणाला काय मायना लिहायचे ते बघा. शब्द दोघींना लागू होत असेल तर कोर्ट असा बाहेरचा पुरावा बघू शकतं. तरीही नाही सुटलं तर दोघी मिळून फॅमिली सेटलमेंट लिहून देऊ शकतात, टेक्सासची कोर्टं ते आनंदानं मान्य करतात.

धागाकर्ता

अपडेट देतो. मंडळाच्या त्या गृहस्थांशी बोललो, त्यांच्याकडे ४ लेख निघाले, फोटो पाठवले. काका 'ळ' आडव्या आठासारखा काढायचे आणि शिरोरेघ अर्ध्यातच सोडायचे, वहीच्या पानावर अगदी तसंच आहे. ते गृहस्थ साक्ष द्यायला तयार आहेत.

आत्याच्या मुलानं ट्रंक उघडली. १९८६ पासूनची पत्रं, प्रत्येकावर "ती. ताईस शि. सा. न.". आत्या फोनवर नुसती रडत होती, म्हणे घर नको मला, पत्रं तेवढी परत दे. मूळ पत्रं कोर्टात द्यावी लागतील का हो, की प्रमाणित प्रती चालतील? उद्या नागपूरला फोन करतोय, तिकडे काय मायना होता ते विचारायला, आणि परवा वकिलाशी पहिलं बोलणं आहे. लबकच्या आसपास मराठी-इंग्रजी भाषांतर करणारं कोणी माहीत असेल तर कळवा, लांबचं असेल तरी चालेल.