२०१४ च्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड बसवावे का, आणि बसवायचे तर कोणते?

पथकाचा कॅमेरा (कोथरूड)

सर्वांना नमस्कार. माझा डेस्कटॉप २०१४ मध्ये टिळक रस्त्यावरच्या एका दुकानातून असेम्बल करून घेतलेला आहे. इंटेलचा आय-फाइव्ह ४५९० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-थ्री रॅम आणि कॅबिनेटसोबतच आलेला, वर '४५० वॅट' असे छापलेला एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा), असा एकूण संसार आहे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यापासून पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट या कामांत यंत्राविषयी कसलीही तक्रार नाही. विंडोज १० वापरतो.

अडचण व्हिडिओ एडिटिंगची आहे. आमच्या ढोल-ताशा पथकाचा सराव नदीपात्रात चालतो; त्याचे आणि पुढे मिरवणुकीचे चित्रीकरण सगळे जण आपापल्या मोबाइलवर फोर-के मध्ये करतात आणि त्या फायली माझ्याकडे येतात. त्या बहुतेक एच.२६५ या, खूप आकुंचित म्हणून उलगडायला जड, स्वरूपाच्या असल्याने एडिटिंग करताना चित्र अडखळत पुढे सरकते, आवाज आधी आणि टिपरू नंतर अशी गत होते, आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला, म्हणजे त्याची अंतिम फाइल बनवायला, रात्रभर यंत्र चालू ठेवावे लागते.

खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये आहे. एका विक्रेत्याने दोन पर्याय सुचवले आहेत: वापरलेले जीटीएक्स १०५० टीआय, किंवा नवे कोरे रेडिऑन आरएक्स ६४००. दोन्हींना वेगळी वीजजोडणी लागत नाही, म्हणून ती या यंत्रात 'आरामात' चालतील असे त्याचे म्हणणे आहे. यांपैकी कोणते घ्यावे, आणि सध्याचा एसएमपीएस त्याला पुरेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बारा व्होल्ट

कार्डाचे नाव ठरवण्याआधी कॅबिनेटचे झाकण काढून एसएमपीएसच्या अंगावरचा तक्ता वाचावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे. त्या तक्त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे वेगवेगळे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअरचा आकडा असतो. आपल्याला फक्त १२ व्होल्टचा रकाना पाहायचा आहे, कारण आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच ओढतात, ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांतले भरघोस आकडे कागदावरची बेरीज फुगवायला उपयोगी पडतात, यंत्राला त्यांचा फारसा उपयोग नसतो. समजा १२ व्होल्टखाली १४ अँपिअर लिहिले असतील, तर गुणाकार १६८ वॅट होतो, मग वरती मोठ्या अक्षरांत ४५० छापलेले का असेना.

आता मागणीची बाजू पाहू. आपल्या प्रोसेसरची उष्णतामर्यादा (म्हणजे ढोबळमानाने त्याला लागणारी वीज) ८४ वॅट आहे, आणि वेगळी जोडणी नसलेल्या कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. म्हणजे दोघांचे मिळून १५९ वॅट झाले. त्यात पंखे, डिस्क आणि मदरबोर्ड स्वतः यांची भर घाला. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही तासन्‌तास एकाच वेळी राबतात, त्यामुळे 'एवढी वीज कधीच लागत नाही' हा नेहमीचा युक्तिवाद आपल्या कामाला लागू पडत नाही. शिवाय एसएमपीएसच्या आतली कपॅसिटर (वीज साठवून स्थिर ठेवणारे भाग) दहा वर्षांत, त्यातही पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बंद खोलीत चालून, मूळ क्षमता टिकवून राहत नाहीत. स्वस्तातला एसएमपीएस जातो तेव्हा तो एकटा जाईलच असे नाही. मदरबोर्ड आणि नवे कार्ड यांनाही सोबत घेऊन जाऊ शकतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की पंधरा हजारांतला पहिला खर्च नामांकित कंपनीच्या, '८० प्लस ब्रॉन्झ' हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर करावा. अशा चांगल्या एसएमपीएसमध्ये एकट्या १२ व्होल्टच्या रकान्यात तीस अँपिअरच्या पुढचा आकडा दिसतो. असेम्बल केलेल्या यंत्राचा एक मोठा फायदा इथे मिळतो: मदरबोर्डची जोडणी प्रमाणित २४ पिनांची असल्याने बाजारातला कुठलाही एटीएक्स, म्हणजे प्रमाणित मापाचा, एसएमपीएस सरळ बसतो. अनेक कंपन्यांच्या तयार ऑफिस डेस्कटॉपमध्ये ही जोडणी निराळी असते आणि तिथे हाच बदल डोकेदुखी ठरतो.

स्लॉटनिरीक्षक

विजेचा मुद्दा वर नेमका आला आहे, त्यामुळे मी थेट कार्डांकडे वळतो. आरएक्स ६४०० आपल्या कामासाठी घेऊ नये, आणि त्याची दोन स्वतंत्र कारणे आहेत.

पहिले कारण मदरबोर्डचे आहे. एच८१ चिपसेटच्या बोर्डावर ग्राफिक्स कार्डाचा लांब स्लॉट पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या) दुसऱ्या पिढीचा असतो. त्याच काळातल्या बी८५ किंवा झेड८७ बोर्डांवर तो तिसऱ्या पिढीचा मिळत असे. दुसऱ्या पिढीत प्रत्येक लेनमधून, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिकेतून, सेकंदाला सुमारे ५०० एमबी जातात. सोळा लेन वापरणाऱ्या कार्डाला त्यातून ८ जीबी मिळतात, आणि तेवढे पुरते. मात्र आरएक्स ६४०० दिसायला लांब स्लॉटमध्ये बसत असले, तरी प्रत्यक्षात त्याला चारच लेन आहेत. ते चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालेल असे धरून बनवले आहे, जिथे चार लेनमधूनही ८ जीबीच्या आसपास वेग मिळतो. आपल्या बोर्डावर तेच कार्ड २ जीबीवर येईल.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे, आणि विक्रेत्याने ते सांगितलेले दिसत नाही. या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे आकुंचित करून फाइल बनवणारा, भागच नाही. एच.२६५ फाइल ते डीकोड करू शकते, म्हणजे उलगडून दाखवू शकते, पण एक्स्पोर्टच्या वेळी सगळा भार पुन्हा आपल्या जुन्या प्रोसेसरवरच पडेल. म्हणजे रात्रभर यंत्र चालू ठेवण्याची ज्या कामासाठी वेळ येते, त्याच कामात ते हात वर करणार.

जीटीएक्स १०५० टीआय २०१६ चे, पास्कल पिढीचे कार्ड आहे. सोळा लेन, ४ जीबी मेमरी, एच.२६५ चे डीकोडिंग आणि एन्कोडिंग या गोष्टी त्यात आहेत, आणि कामाच्या दृष्टीने ते वाईट नाही. परंतु एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांचे नियमित ड्रायव्हर (कार्ड चालवणारी प्रणाली) ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले असून यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेपुरत्या सुधारणा देण्याचे जाहीर केले आहे. आज पैसे मोजून असे कार्ड घेण्यापेक्षा २०१९ चे, ट्युरिंग पिढीचे जीटीएक्स १६५० शोधावे. त्याच्याही लेन सोळा आहेत आणि वीजमर्यादा ७५ वॅट आहे. फक्त काही कंपन्यांनी त्याला सहा पिनची जोडणी दिलेली असते, तेव्हा विकत घेताना कार्डाची वरची कड पाहून घ्यावी. आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा अवतार ७० वॅटचा असून तोही शक्य आहे. त्याच्या लेन आठ असल्याने आपल्या बोर्डावर ४ जीबीचा वेग मिळेल, जो एडिटिंगला चालून जाईल, पण नव्या एसएमपीएससह तो आपल्या मर्यादेत बसवणे अवघड वाटते. इंटेलचे आर्क ए३८० कोणी सुचवले, तर नम्रपणे नकार द्यावा. ते चांगले चालण्यासाठी मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय लागते आणि २०१४ च्या बोर्डावर ती मिळत नाही.

काटकसरे (सदाशिव पेठ)

वरील दोन्ही सज्जनांचे तांत्रिक म्हणणे मान्य करून मी मूळ गृहीतकालाच हरकत घेतो. ज्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि ज्याच्या विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्या यंत्रावर पंधरा हजार रुपये का घालावेत?

इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढे प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स दहा बिटांची (रंगछटा अधिक बारकाईने साठवणारी) एच.२६५ फाइल डीकोड आणि एन्कोड दोन्ही करते. आठव्या पिढीपासून विंडोज ११ चालते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतल्या कार्यालयांतून निघालेले अशा प्रोसेसरचे डेस्कटॉप जुन्या यंत्रांच्या दुकानांत सहज दिसतात, आणि आपल्या रकमेत कार्ड व एसएमपीएसऐवजी असे अख्खे यंत्रच पाहता येईल. पावती आणि थोड्या मुदतीची का होईना वॉरंटी मात्र लेखी घ्यावी; तोंडी वॉरंटी दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंतच टिकते.

तोवर एक बिनपैशाचा उपाय करून पाहावा. एडिटिंगच्या बहुतेक प्रणालींत मूळ फायलींच्या कमी रिझोल्यूशनच्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, तयार करण्याची सोय असते. काटछाट त्या हलक्या प्रतींवर होते आणि शेवटी एक्स्पोर्ट करताना मूळ फोर-के फायली वापरल्या जातात. चित्र अडखळण्याची निम्मी तक्रार एवढ्यानेच मिटेल.

पथकाचा कॅमेरा (कोथरूड)

आपणा तिघांचाही आभारी आहे. तक्ता वाचला: १२ व्होल्टखाली १६ अँपिअर आहेत, म्हणजे १९२ वॅट. तेवढ्या भरवशावर कार्ड घालण्याची आता हिंमत होत नाही. प्रॉक्सीचा उपाय करून पाहिला आणि काटछाट खरोखरच सुरळीत झाली, त्यामुळे मूळ दुखणे एक्स्पोर्टपुरते उरले आहे. झाकण उघडलेच होते म्हणून रॅमही पाहिली. ८ जीबीची एकच पट्टी असून दुसरा स्लॉट रिकामा आहे.

काटकसरे यांचा मुद्दा वजनदार आहे, परंतु चांगला एसएमपीएस आणि कार्ड उद्या नव्या यंत्रातही नेता येतील असा माझा विचार आहे. एकच शंका उरते. माझा मॉनिटर जुना असून त्याला फक्त व्हीजीए जोडणी आहे. विक्रेत्याने दाखवलेल्या १०५० टीआय कार्डाला तो निळा व्हीजीए पोर्ट आहे, म्हणून ड्रायव्हरचा प्रश्न असूनही तेच सोयीचे पडेल का?

स्लॉटनिरीक्षक

कृपया ते कार्ड घेऊ नये. व्हीजीए हे अनालॉग आउटपुट आहे आणि एनव्हिडियाने पास्कल पिढीपासून चिपमधूनच ते काढून टाकले. त्यामुळे १०५० टीआय म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्डावर निळा पोर्ट दिसला, की ते बनावट असल्याचा संशय पहिल्या क्षणी घ्यावा. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय यांसारख्या २०१०-११ मधल्या कार्डांची बायॉस (आत साठवलेली मूळ प्रणाली) बदलून, वर नवे स्टिकर चिकटवून ती विकण्याचा धंदा बराच जुना आहे. विंडोजमध्ये नाव १०५० टीआय असेच दिसते, मात्र त्या चिपांना एच.२६५ ची ओळखही नाही आणि वीज त्या १०० वॅटच्या पुढे खातात. जीपीयू-झेड ही मोफत प्रणाली अशी कार्डे ओळखून नावाआधी 'फेक' असा शिक्का दाखवते. वापरलेले कोणतेही कार्ड दुकानातच यंत्राला लावून त्या प्रणालीत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, मग विक्रेता कितीही ओळखीचा असो.

मॉनिटरसाठी एचडीएमआयमधून व्हीजीए काढणारा कन्व्हर्टर मिळतो. नुसती केबल चालणार नाही. आत चिप असलेला, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर मागावा. टिळक रस्त्यावर किंवा तापकीर गल्लीच्या बाजूला तो सहज मिळेल.

बारा व्होल्ट

कन्व्हर्टरची वायर कार्डाच्या पोर्टला जोडावी, मदरबोर्डच्या नव्हे. नवे कार्ड 'बंद' निघाल्याच्या तक्रारींमागे पुष्कळदा एवढेच असते. कार्ड बसवण्याआधी, प्रोसेसरचे अंगचे ग्राफिक्स चालू असतानाच, मदरबोर्डच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून बायॉसची शेवटची आवृत्ती टाकून घ्यावी, कारण त्या काळातल्या काही बोर्डांवर जुन्या बायॉसमुळे नव्या कार्डांतून चित्रच येत नाही. हे काम वीज जाण्याची शक्यता असलेल्या वेळी करू नये. यूपीएस असेल तर उत्तमच. एसएमपीएस बदलताना प्रोसेसरजवळची चार पिनांची वेगळी जोडणी लावायची राहून जाते, तीही आठवणीने लावावी.

रॅमसाठी दुसरी ८ जीबीची डीडीआर-थ्री पट्टी अवश्य घ्यावी. एच८१ बोर्डाला दोनच स्लॉट आणि १६ जीबीची मर्यादा आहे, पण दोन पट्ट्या जोडीने चालल्यामुळे एडिटिंगला त्याचा वेगळा लाभ मिळेल.

आणि कार्ड बसवल्यावर एक्स्पोर्टच्या खिडकीत जाऊन एन्कोडर म्हणून एनव्हेंक (एनव्हिडियाच्या कार्डातला एन्कोडर) स्वतः निवडावा. बऱ्याच प्रणालींत तिथे मुळात प्रोसेसरवर चालणारा एन्कोडरच निवडलेला असतो, आणि तो तसाच राहिला तर कार्ड असूनही यंत्र पूर्वीइतकाच वेळ घेते. हार्डवेअर एन्कोडरला त्याच दर्जासाठी थोडा अधिक बिटरेट (दर सेकंदाला साठवायची माहिती) लागतो, तेव्हा मिरवणुकीची गर्दी, गुलाल आणि वेगाने हलणारी टिपरे असलेल्या दृश्यांसाठी तो सढळ हाताने ठेवावा.